'डिअर' : मोल, माया आणि महागाई

इंग्रजीतील 'डिअर' या शब्दाचे दोन अर्थ कोणताही शालेय कोश देतो : एक 'प्रिय', दुसरा 'महाग'. मराठी वाचकाला पहिला अर्थ पत्राच्या मायन्यामुळे ठाऊक असतो. दुसरा त्याला शेक्सपिअर वाचताना बहुधा तळटीपेत भेटतो. तळटीप एवढेच सांगते की येथे श्लेष साधला आहे. श्लेष ही संज्ञा वापरली की एक गोष्ट आपोआप गृहीत धरली जाते : दोन अर्थ मुळात भिन्न आहेत आणि कवीने आपल्या चातुर्याने ते एका उच्चारात एकत्र आणले आहेत. 'डिअर'च्या बाबतीत हे गृहीतकच तपासून पाहावयास हवे. हा शब्द मुळात दुभंगलेला नव्हता. त्याचे दोन अर्थ पुढे हळूहळू परस्परांना अनोळखी झाले, आणि ज्या शतकांत ते अनोळखी झाले त्याच शतकांत धान्याच्या किमतीकडे पाहण्याची इंग्रजी समाजाची दृष्टी पालटत होती. हा योगायोग नुसता योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

प्राचीन इंग्रजीतील ज्या विशेषणापासून आजचा 'डिअर' आला, त्याच्या अर्थात प्रियत्व आणि मौल्यवानता दोन्ही होती. जर्मनमधील 'टॉयअर' हा त्याचा सख्खा भाऊ. त्यातही हे दोन्ही अर्थ आहेत, मात्र आज बाजारातला अर्थ वरचढ झालेला आहे. फ्रेंचमध्ये 'शेर' हा शब्द प्रियजनालाही लागतो आणि बाजारातील मालालाही. तो लॅटिन 'कारुस'वरून आला. 'कारुस'चे भाववाचक नाम 'कारितास', आणि येथे शब्दांचा इतिहास खरोखर थक्क करणारा आहे. सिसेरो आणि लिव्ही यांच्या लॅटिनमध्ये 'कारितास' म्हणजे आपुलकी, आणि 'कारितास' म्हणजेच धान्याची महागाई. पुढे ख्रिस्ती लेखकांनी ईश्वराच्या आणि शेजाऱ्याच्या प्रेमासाठी हाच शब्द उचलला आणि त्यातून इंग्रजीत 'चॅरिटी' आली. म्हणजे दुष्काळात धनिक ज्या भावनेने दानाला हात पुढे करतो ती भावना, आणि ज्या महागाईमुळे त्याच्या दारी रांग लागते ती महागाई, या दोहोंना लॅटिन भाषा एकाच नावाने हाक मारीत होती.

संस्कृतही या बाबतीत मागे नाही. 'अर्घ' म्हणजे मोल, आणि 'अर्घ' म्हणजे पूज्य व्यक्तीचे आदरपूर्वक केलेले स्वागत. अतिथीला द्यावयाचे 'अर्घ्य' त्याच कुळातले. 'महार्घ' म्हणजे ज्याचे मोल मोठे ते. प्राकृतातील 'महग्घ'मधून मराठीचा 'महाग' आला. वाटेत त्याने आदराची बाजू टाकून दिली. आज कोणी 'महाग पाहुणा' म्हटले तर त्यात गौरवापेक्षा कुरकुरच ऐकू येईल. उलट 'समर्घ' म्हणजे योग्य वा हलक्या मोलाचे. त्यापासून झालेला 'सवंग' हा शब्द मराठीने बाजारातून जवळजवळ काढून घेतला आणि समीक्षकांच्या स्वाधीन केला. सवंग लोकप्रियता, सवंग विनोद, सवंग भावुकता : या शब्दावाचून गेल्या शतकातील कितीतरी परीक्षणे लिहिलीच गेली नसती. इंग्रजी 'चीप'ची गतही अशीच झाली. तो मूळचा विशेषण नव्हेच. त्याचा अर्थ सौदा, व्यापार. 'चांगला सौदा' अशा अर्थाच्या जोडशब्दाचे पहिले पद गळाले आणि सोळाव्या शतकात उरलेले पद विशेषण होऊन बसले. लंडनमधील 'चीपसाइड' म्हणजे हलकी वस्ती नव्हे, बाजारपेठ. स्वस्ताईला तुच्छता चिकटते, महागपणाला प्रतिष्ठा, हा भाषेचा जुना पक्षपात आहे. समीक्षा तो पक्षपात नकळत पुढे चालवीत असते, हे येथे जाता जाता नोंदवावयास हवे.

'डिअर'पासून तेराव्या शतकाच्या सुमारास 'डर्थ' हे नाम तयार झाले. 'महाग'ला '-आई' लावून 'महागाई' व्हावी, तशीच ही घडण. परंतु 'डर्थ' केवळ भावाच्या चढेपणापाशी थांबला नाही. धान्य महाग झाले म्हणजे ते गरिबाच्या दृष्टीने नाहीसेच झाले; म्हणून 'डर्थ' म्हणजे महागाई, 'डर्थ' म्हणजे टंचाई आणि 'डर्थ' म्हणजे दुष्काळही. १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतरात योसेफाच्या काळातील इजिप्तच्या सात वर्षांसाठी हा शब्द येतो आणि त्याच प्रकरणात दुष्काळाचा दुसरा शब्दही येतो. भाषांतरकारांना त्यांत फरक करण्याची निकड भासलेली दिसत नाही. आजच्या इंग्रजीत मात्र 'डर्थ' हा केवळ अभाव दाखवतो. कल्पनांचा 'डर्थ', प्रतिभेचा 'डर्थ'. मराठी समीक्षेत याच जागी 'दुर्भिक्ष' येते, आणि दोन्ही शब्दांची मुळे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. 'डर्थ'ने अभाव पाहिला तो विकत घेणाऱ्याच्या बाजूने. 'दुर्भिक्षा'ने तो पाहिला भिक्षा मागणाऱ्याच्या बाजूने. 'दुष्काळ' हा शब्द मात्र सगळा दोष काळाच्या माथी मारून मोकळा होतो.

दोष कोणाचा, हाच तर प्रश्न होता. १५८७ मध्ये एलिझाबेथच्या राजवटीने धान्याच्या 'डर्थ'वरील उपायांची आज्ञापत्रे छापून काढली. पुढे १५९० च्या दशकातील नापिकीत ती पुन्हा निघाली. स्थानिक न्यायाधिकाऱ्यांनी कोठारांची झडती घ्यावी, कोणाकडे किती धान्य आहे याची नोंद करावी, शिल्लक धान्य बाजारात आणवावे, अशी त्यांची तरतूद. राजसत्तेलाही 'डर्थ' ही केवळ निसर्गाची करणी वाटत नव्हती. या झडत्यांतीलच एक नोंद १५९८ च्या फेब्रुवारीतील स्ट्रॅटफर्ड गावची आहे. तीत घरोघरच्या साठ्यांमध्ये विल्यम शेक्सपिअर या गृहस्थाच्या नावावर दहा क्वार्टर धान्य दाखविले आहे. चरित्रकार या नोंदीपाशी थोडे अवघडतात. अवघडण्याचे कारण नाही, पण ती विसरून 'कोरिओलेनस' वाचण्याचेही कारण नाही.

'कोरिओलेनस' हे नाटक १६०८ च्या सुमारास लिहिले गेले असे मानतात. ते छापले गेले १६२३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १६०७ मध्ये, नॉर्थॅम्प्टनशर, लेस्टरशर आणि शेक्सपिअरच्या स्वतःच्या वॉरिकशरमध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला होता. त्याचे मुख्य कारण गायराने आणि सामायिक जमिनी कुंपणात घेतल्या जाणे हे होते. त्याला धान्याच्या चिंतेची जोड होती. नाटकाचा आधार प्लुटार्कचे चरित्र, तेही टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून. प्लुटार्ककडे रोमन जनतेचा पहिला असंतोष सावकारी व्याजाबद्दलचा आहे. धान्याचा प्रश्न नंतर येतो. शेक्सपिअरने हा क्रम बदलला. त्याने पडदा उघडताच भुकेले नागरिक रंगमंचावर आणले आणि त्यांच्या तोंडी मागणी घातली ती आपण ठरवू त्या भावाने धान्य मिळण्याची. व्याजाची तक्रार त्यांच्या बोलण्यात राहिली, पण मागच्या बाकावर. हा बदल नाट्यतंत्राची गरज म्हणून समजावून सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. तरी 'डर्थ' हा शब्द त्या प्रेक्षागृहात केवढा तापलेला असेल याचा विचार त्या स्पष्टीकरणात होत नाही.

या पहिल्याच प्रवेशात 'डिअर' आणि 'डर्थ' हे दोन शब्द समोरासमोर उभे केलेले आहेत. पहिला नागरिक म्हणतो की उमराव मंडळी आपल्याजवळचे उरलेसुरले धान्य सडण्यापूर्वी जरी देतील तरी आमचे भागेल, परंतु त्यांच्या लेखी आम्ही फार 'डिअर' आहोत. आमची कृशता म्हणजे त्यांच्या सुबत्तेची यादीच आहे, असेही तो पुढे म्हणतो. थोड्याच वेळाने वयोवृद्ध मेनेनियस येतो आणि समजूत घालतो : 'डर्थ' देवांनी आणली आहे, उमरावांनी नव्हे; ते तर पित्याप्रमाणे तुमची काळजी वाहतात. त्यानंतर पोट आणि इतर अवयव यांची प्रसिद्ध गोष्ट सुरू होते आणि बहुतेक समीक्षकांचे लक्ष त्या गोष्टीकडे जाते.

पण खरा वाद त्याआधी एका शब्दावर होऊन गेलेला आहे. नागरिकाच्या वाक्यात 'डिअर' धान्याला लागलेला नाही, माणसांना लागलेला आहे. आम्हांला जगविणे त्यांना परवडत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु आम्ही त्यांना 'प्रिय' असावयास हवे होतो, हा दुसरा अर्थ त्या वाक्याच्या तळाशी कुसळासारखा राहतो. मेनेनियस 'पित्याप्रमाणे' म्हणतो तेव्हा तो त्या कुसळालाच उत्तर देत असतो. येथे दोन अर्थांचा खेळ नाही. माणसाची किंमत आणि माणसाची माया ही एकाच नात्याची दोन मापे आहेत, आणि ते नाते तुटल्याचा आरोप करण्यासाठी नागरिकाला भाषेने एकच पुरेसा शब्द दिला आहे. मेनेनियसची चलाखी अशी की तो विशेषण टाळून नाम वापरतो. 'डिअर' म्हटले की कोणी कोणाला, हे विचारावे लागते. 'डर्थ' म्हटले की ती आभाळातून पडल्यासारखी वाटू शकते.

मराठी भाषांतरकाराची येथे कसोटी लागते. 'आम्ही त्यांना फार महाग पडतो' असे केले की मायेचा पदर जातो. 'आम्ही त्यांना कुठे प्रिय आहोत' केले की धान्याचा भाव जातो. तरीही मराठीजवळ एक जागा आहे, जी आजच्या इंग्रजीजवळ उरलेली नाही. 'तो अन्नाला महाग झाला', 'पैशापैशाला महाग झाला' हे प्रयोग अजून जिवंत आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य विलक्षण आहे. महाग झाले आहे अन्न. पण विशेषण लागते ते माणसाला. किंमत वस्तूच्या अंगावर लिहिलेली नसून वस्तू आणि माणूस यांच्यामधील अंतरात असते, हे या वाक्प्रचाराने कोणत्याही सिद्धान्ताशिवाय ओळखलेले आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात दाखवून दिले की उपासमार म्हणजे पुरेसे अन्न जवळ नसलेली माणसे, पुरेसे अन्न देशात नसणे नव्हे. 'अन्नाला महाग' म्हणणाऱ्या भाषेला हा भेद अपरिचित वाटू नये.

१६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतांपैकी सत्त्याऐंशीव्या सुनीताची पहिलीच ओळ 'डिअर'वर उभी आहे. पुढे सनद, करारनामा, हक्क, चुकीचे मूल्यमापन अशी सगळी वकिली आणि व्यापारी शब्दकळा येते. प्रेमाच्या विषयात व्यवहाराची भाषा आणून कवीने उपरोध साधला, असे वाचन रूढ आहे. हे वाचन आधुनिक आहे. त्यात प्रेम एका खोलीत आणि व्यवहार दुसऱ्या खोलीत राहतो, असे आधीच ठरलेले असते. कवीच्या हाती आलेल्या शब्दात मात्र मधली भिंत अजून बांधून व्हावयाची होती. याच शब्दात आणखी एक प्रवाह मिसळलेला होता : 'कठोर, दारुण' अशा अर्थाचा एक वेगळा जुना शब्द उच्चारसाम्यामुळे त्यात विरघळला, आणि म्हणूनच हॅम्लेट आपल्या हाडवैऱ्यालाही हेच विशेषण लावू शकतो. विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) मध्ये 'ऑनेस्ट', 'विट', 'फूल', 'डॉग' अशा शब्दांची जी अर्थरचना उलगडली, तशा परीक्षेस 'डिअर'ही पात्र आहे. रेमंड विल्यम्स यांच्या 'कीवर्ड्‌स' (१९७६) मध्ये 'चॅरिटी'वर टिपण आहे, 'कन्झ्यूमर'वर आहे. त्या दोहोंच्या मधोमध बसणाऱ्या 'डिअर'वर नाही.

'डिअर'ची बाजारातील जागा ज्या शब्दाने घेतली तो 'एक्स्पेन्सिव्ह'. लॅटिनमध्ये मोजून देणे, तराजूत घालून देणे, या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. सतराव्या शतकात तो प्रथम माणसांना लागत असे : 'एक्स्पेन्सिव्ह' म्हणजे उधळ्या. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही हाच अर्थ आधी येतो आणि 'खर्चिक वस्तू' हा अर्थ नंतर. १८११ च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मध्ये विलोबी आपली कैफियत मांडताना स्वतःला 'एक्स्पेन्सिव्ह' म्हणवून घेतो, तेव्हा त्याला आपल्या बाजारभावाबद्दल काही सांगावयाचे नसते; आपला हात सैल होता, एवढेच तो कबूल करतो. खर्च करणाऱ्याचा हा दुर्गुण पुढे वस्तूचा गुण झाला. मराठीत 'खर्चिक' या शब्दाने हे दोन्ही अर्थ अद्याप सांभाळलेले आहेत.

हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही. 'एक्स्पेन्सिव्ह' म्हणताना घेणारा आणि त्याची थैली एवढेच डोळ्यांपुढे राहतात; ही वस्तू कोणी महाग केली, हा प्रश्न त्या शब्दातून उगवत नाही. 'डिअर'मध्ये तो सुप्त होता, 'डर्थ'मध्ये तर उघडच होता. ई. पी. टॉम्प्सन यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात अठराव्या शतकातील इंग्रज जमावाचे जे वर्तन वर्णिले, ते या सुप्त प्रश्नाचेच वर्तन आहे. धान्याच्या गाड्या अडवायच्या, ते लुटायचे नाही, तर 'रास्त' भावाने विकायचे आणि कित्येकदा आलेले पैसे मालकाच्या हाती ठेवायचे. 'कोरिओलेनस'मधील नागरिकांची मागणी रंगमंचावरची कल्पना नव्हती.

या प्रश्नाचा निकाल लावला तो अर्थशास्त्राने. साठेबाजीविरुद्धचे जुने इंग्रजी कायदे १७७२ मध्ये रद्द झाले. १७७६ च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये ॲडम स्मिथ यांनी धान्यव्यापारावर जे विषयांतर केले आहे, त्यात साठेबाजांबद्दलची लोकांची भीती चेटकिणींच्या भीतीच्या पंक्तीला नेऊन बसविली. त्यांनी 'डर्थ' आणि 'फॅमिन' यांच्यात रेघ ओढली : 'डर्थ' ही खऱ्या तुटवड्यामुळे येते, 'फॅमिन' मात्र सरकारने तिच्यावर जबरदस्तीचे अयोग्य उपाय केल्याने होते. मेनेनियसचे देव गेले आणि त्या जागी हवामान आले, एवढाच फरक. याच ठिकाणी स्मिथ बंगालचा दाखला देतात. थोड्या वर्षांपूर्वीच्या तेथील अवर्षणात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी भाताच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांनी त्या 'डर्थ'चे कदाचित 'फॅमिन'मध्ये रूपांतर केले असावे, असे ते म्हणतात. हा रोख १७७० च्या भीषण दुष्काळाकडे आहे. कंपनीवरचा हा ठपका योग्यच होता. परंतु त्यातून पुढच्या राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो व्यापाराला हात न लावण्याचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळत असताना लॉर्ड लिटन यांच्या सरकारने धान्याचे भाव उतरविण्यासाठी हस्तक्षेप करावयाचा नाही, असे धोरण धरले. दुष्काळाने ग्रासलेल्या दख्खनच्या शेतकऱ्याने स्मिथ यांचे नाव ऐकले असण्याचे कारण नव्हते. त्यांनी केलेली शब्दांची विभागणी मात्र त्याच्यापर्यंत पोचली होती.

या विभागणीची परंपरा राज्यकर्ते बदलल्यानेही खंडित झाली नाही. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला आणि त्या जागी 'स्कार्सिटी' घातला. तेव्हापासून सरकारी मराठीत 'टंचाई' असते. १९७२ साली लोक मात्र 'दुष्काळ' म्हणत राहिले, आणि अजूनही ते वर्ष त्याच नावाने ओळखतात.

इंग्लंडमध्ये 'डिअर'चा बाजारी अर्थ लगेच मेला असे नव्हे. धान्य-कायद्यांवरील १८१५ ते १८४६ च्या संघर्षात महाग पाव आणि स्वस्त पाव या घोषणा त्याच शब्दांत झाल्या. स्वस्त बाजारात घ्यावे आणि महाग बाजारात विकावे, हे व्यापारी सूत्र तर 'डिअर'च्या सर्वोच्च रूपावरच बेतलेले आहे. १८६० च्या 'अन्टू धिस लास्ट'मध्ये जॉन रस्किन यांनी त्या सूत्राला विचारलेला प्रश्न असा : तुमचा बाजार स्वस्त झाला कशामुळे? आग लागल्यावर छपराच्या वाशांचा कोळसा स्वस्त होईल, भूकंपानंतर विटा स्वस्त होतील. गांधीजींनी १९०८ मध्ये या पुस्तकाचा गुजराती सारानुवाद 'सर्वोदय' या नावाने केला. रस्किन यांनी अर्थशास्त्र कितपत जाणले होते, याविषयी मतभेद होऊ शकतात. 'डिअर' आणि 'चीप' या शब्दांना त्यांचा जुना प्रश्न परत देण्याची त्यांची धडपड मात्र निःसंशय आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया येथील बोलण्यात हा अर्थ आजही आढळतो. अमेरिकन इंग्रजीत तो जवळपास लुप्त आहे. सावकारी वित्तव्यवहारात महाग कर्जासाठी तो पारिभाषिक होऊन राहिला.

तो संस्थेच्या रूपाने टिकला तो भारतात. मोल्सवर्थच्या कोशात 'महागाई'ला 'डिअरनेस' हा प्रतिशब्द आहे, आणि हेच नाम युद्धकाळातील मजुरीच्या वाटाघाटींत रूढ झाले. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांनी सार्वत्रिक संप केला तो 'डिअरनेस अलाउन्स'साठी, म्हणजे महागाई भत्त्यासाठी. संपकऱ्यांच्या तोंडी असलेल्या मराठी शब्दात आणि मालकांच्या कागदावरील इंग्रजी शब्दात येथे प्रथमच काही अंतर नव्हते : दोन्हींत भाव चढण्याची जबाबदारी कामगाराची नाही, ती कोणीतरी उचलली पाहिजे, हे अध्याहृत होते. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि लाटणी घेतलेल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. या चळवळीचे इंग्रजी नाव मात्र 'प्राइस राइज'ला विरोध असे झाले. 'प्राइस राइज' होते, जसा पारा चढतो तशी. 'महागाई' केली जाते, असे म्हणण्याची मुभा मराठी शब्दात उरते.

इंग्रजीत 'डिअरनेस' आता सहसा कोणी लिहीत नाही. भारतीय सरकारी पत्रव्यवहारात मात्र तो पगारपत्रकाबरोबर नियमाने येतो, बहुधा 'डी. ए.' या दोन अक्षरांत आक्रसून. निवृत्तिवेतनाविषयीच्या अशा एखाद्या इंग्रजी पत्रात वर मायना असतो 'डिअर सर', आणि खाली विषयाच्या ओळीत 'डिअरनेस'. 'कोरिओलेनस'च्या नागरिकाने एका श्वासात उच्चारलेले दोन अर्थ तेथे एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर असतात. त्या पत्राचे मराठी भाषांतर करणारा लिपिक वर 'महोदय' लिहितो, खाली 'महागाई भत्ता' लिहितो, आणि कागद सहीसाठी पुढे सरकवतो.